रकाना क्रमांक चार

अकरा वर्षं मी वॉशिंग्टनमध्ये, के स्ट्रीटवर, सातव्या मजल्यावर
दूरदूरच्या वर्तमानपत्रांचे हिशेब वाचत आले.
किती अंक, किती प्रती, किती बायका वार्ताहर,
जनरेटरला डिझेल किती, वकिलाला किती.
रकाना क्रमांक चार माझा, मीच घातलेला :
तुमच्या गावच्या सभेला मागच्या बाकावर
वही घेऊन कोण बसतं?

नारीनहून बुरुल एशेनकुलोवा दर तिमाहीला
त्या रकान्यात तीच दोन नावं लिहायची.
एकदा एकच लिहिलं. दुसरा आत होता.
तसं तिने म्हटलं नव्हतं, फक्त खालच्या ओळीत
लोकरीच्या मोज्यांचे पैसे मांडले होते,
आणि नियमात बसत नसताना
मी ते प्रवासखर्चात बसवले.

फेब्रुवारीत पैसे थांबले.
कुणी ओरडलं नाही. एक मेल आला,
त्यात ‘सध्या’ हा शब्द तीनदा.
मग मी एकेचाळीस संपादकांना पत्रं घातली,
मजकूर एकच, नाव तेवढं वेगळं,
लग्नपत्रिकेवर घालतात तसं.

बुरुलचं उत्तर दुसऱ्याच दिवशी :
कळलं. वाईट वाटून घेऊ नकोस.
जाता जाता एवढं कर,
तुझ्या गावचं वर्तमानपत्र पाठव. भिंतीवर लावू.
इतकी वर्षं आमचं तू वाचलंस.

संध्याकाळच्या गाडीने लॉकवुडला उतरले.
कोपऱ्यावरच्या विटांच्या इमारतीत आता गाद्या विकतात.
दारावरची पितळी अक्षरं गेली,
खिळ्यांची भोकं राहिलीत, ती अजून वाचता येतात :
कुरिअर. स्थापना. पुढे साल बुजलेलं.
बंद पडलं तेव्हा मी इथेच राहत होते.
वर्गणीदार नव्हते.

पाणीपट्टी दुप्पट झाली, ती बिल आल्यावर कळली.
शाळेचं मैदान विकलं, ते कुंपण पडल्यावर.
शेजारचे ड्रमहेलर गेले, ते मला
त्यांच्या टपालपेटीतून उतू चाललेल्या जाहिरातींनी सांगितलं.
दवंडी पिटणारा गेला म्हणून गाव गप्प होत नाही,
कुजबुजायला लागतं.
रात्री खिडकीखिडकीत निळा उजेड,
देशाचं भांडण, सहा चौकटींत सहा जण
एकदम बोलतायत,
आणि आमच्या नळाला हा कसला वास येतो
ते विचारायला कुणी नाही.

तिला खरं ते कळवलं.

तीन दिवसांनी आमचाच अर्ज परत आला,
आमच्या बोधचिन्हावर काट मारून,
हाताने रेघा आखून, फोटो काढून.
गाव : लॉकवुड. लोकसंख्या? छपाई कुठे?
सुरुवातीला दोन पानं पुरतात. आम्ही चौघं होतो.
पैसे नाहीत, पण पानं जामाल लावून देईल रात्री,
तेव्हा तुमच्याकडे दिवस असतो.
रकाना चारखाली दोन रेघा.

मंगळवारी साडेसहाला सभा असते,
बंबखान्याच्या वरच्या खोलीत, म्हणतात.
म्हणतात, कारण मी कधी गेले नाही.
वही आहे.
पेनाचं टोपण दातात धरून केव्हाची बसलेय,
नाव लिहावं,
की आधी तो जिना चढून यावं.