कपाचा कान

कप आधी कापून घ्यायचा.
पेन टूलने कडेकडेने बिंदू टाकत,
कानाच्या आतून वळसा घेत,
मागची करडी भिंत टाकून द्यायची.
आता तो पांढऱ्यात तरंगतो.
बिनबुडाचा.
ग्लेनिस म्हणते, आधी ह्याला कुठेतरी बसव.

स्टोक-ऑन-ट्रेंटमध्ये नोव्हेंबरचे चार वाजलेत
आणि कालव्यापलीकडे दिवे लागलेत.
आमच्या कॅटलॉगमध्ये मात्र
डाव्या हाताच्या खिडकीतून सकाळ येते.
एकशे चौदा पानं, एकच सकाळ.
ती मी करते.

पहिल्या आठवड्यात माझ्या सावल्या
बशीखाली गोल, गच्च, काळ्या पडायच्या.
ग्लेनिसने चष्मा कपाळावर सरकवून विचारलं,
"तुझा सूर्य असतो तरी कुठे?"
मी वर बोट दाखवलं. थेट टाळूवर.
अकोल्यात मे महिन्यात एक दुपार अशी येते
की अंगणातला रॉकेलचा डबासुद्धा
आपली सावली गिळून बसतो.
आम्ही पोरं बाटल्या, काठ्या, धाकट्या भावाला
उन्हात उभं करून बघायचो.
ती हसली नाही. म्हणाली, इथे सूर्य
वर चढतच नाही गं, कुंपणावरून डोकावतो
आणि जातो.

मग शिकले.
काळा रंग घ्यायचाच नाही.
जिच्यावर पडते तिचा रंग सावलीला लागतो:
ओकच्या फळीवर मधाळ,
तागाच्या कापडावर उडदाच्या धुवणासारखा.
जिथे कप टेकतो तिथे मात्र
केसाएवढी रेघ, गडद, धारदार.
दिव्याखालचा अंधार म्हणतात तो हाच असावा.
तिथून लांब जाल तसं
ढिलं सोडायचं, धूसर करायचं,
अठरा टक्के, बारा, सात,
इतकं की कुठे संपली
हे सावलीलाही सांगता येऊ नये.

ग्लेनिसने तेहतीस वर्षं
कपांच्या काठांना सोनं लावलं.
भट्ट्या विझल्या, ब्रश सुटला,
आता ती पडद्यावर माझ्या चुका धरते.
कुणाच्याही घरी गेली
की चहा संपायच्या आत बशी उलटी करून
बूड वाचते: कारखाना, साल,
काठ रंगवणारीची खूण.
इथे सगळेच करतात म्हणे.
आमच्याकडे पत्रिका बघतात तसं.

काल बर्स्लेमच्या गोदामातून एक कप आला,
बंद कारखान्याचा उरलेला माल.
वाटेतच कान गेला होता.
दुसरा मागवायला वेळ नव्हता. मी तसाच फोटो काढला,
जुन्या फोटोतला कान आणून जोडला,
सांधा घासला, चकाकी दिली,
झिलईवर खिडकीचा चौकोनही बसवला.
घाई होती, म्हणून ह्या एकाची सावली
कॅमेऱ्यात आली तशीच राहू दिली.
एकशे चौदा पानांत तेवढीच खरी.

पाठवणार, तेवढ्यात ग्लेनिसने
पडद्यावर नख टेकवलं.
कपावर नाही, खाली.
"हिला कळलंय," म्हणाली.
कप धड होता.
सावलीचा कान तुटलेला.

पुसली. नवी काढता काढता साडेसहा वाजले.
सावलीतला कान म्हणजे नुसती रेघ नव्हे.
रेघेच्या आत, अंधाराच्या मधोमध,
बोट जाईल एवढा उजेड
राखून ठेवावा लागतो.
तो तीनदा चुकला.

मागे ग्लेनिसने खरा कप उचलला,
उलटा करून दिव्याखाली धरला.
अंगठा दोन सोनेरी ठिपक्यांवर जरा थांबला.
खूण कुणाची, मी विचारलं.
पेन्सिली ठेवायला होईल, ती म्हणाली,
आणि घेऊन गेली.