चुकून पाहणं

स्टेनुन रात्री एकटीच बसलीय
बालवाडीच्या बुटक्या खुर्चीत, गुडघे हनुवटीशी.
नगरपालिकेनं पाठवलेत अकरा खेळ,
निवडायचे दोन.
खिडकीत काळंभोर पाणी. आइसलंडच्या या टोकाला
डोंगराआडचा सूर्य
जानेवारी सरेतो गावात यायचा नाही.

ती प्रत्येक खेळात मुद्दाम चुकते.
चार मेंढ्यांना म्हणते सात.
एक खेळ भोंगा वाजवतो.
एक तोंड पाडतो, डोळ्यांत पाणीबिणी आणतो.
एक तर दिलेली चांदणी काढून घेतो,
कवडीचुंबक मेला!

नवव्यात मेंढी नुसती मान हलवते,
कुंपणावरून उडी मारून भटकून येते,
पुन्हा जागेवर. कान टवकारून.
वाट बघते.
स्टेनुन पुन्हा चुकते. पुन्हा.
कॉफी निवून जाते.

दुसरा खेळ ठरतच नाही.

सोमवारी ब्रोनेक,
पोलंडहून आलेला, सप्टेंबरपासून गप्प गप्प,
आठवडाभर एकदाही बरोबर मोजत नाही.
मेंढीला हुंदडायला पाठवतो,
आणि ती परतली की पडद्याला ओठ लावून
तिला काहीतरी पोलिशमध्ये सांगतो.

तक्त्यात रकाना आहे : प्रगती.
स्टेनुन पेन्सिलीला टोक करते.
करतच राहते.