घसारा

जुन्या वहीच्या पहिल्याच पानावर
सिप्रियन घोन्साल्विस यांच्या तिरक्या अक्षरात आहे:
चुना, तीन गोणी.
लिंबं, दोन डझन.
चेंडू कावसजींच्या विहिरीत, काढणावळ सव्वा रुपया.
आणि सगळ्यात खाली, हिशेब जुळेना तेव्हा,
किरकोळ.

भंडारवाडा स्पोर्टिंगचा सगळा संसार
त्या किरकोळमध्ये मावायचा.
माझगावचं मैदान, एका अंगाला गोदीची भिंत,
भिंतीवर बसणाऱ्यांना तिकीट नाही.
मध्यंतराला टोपी फिरायची,
टोपीत नाण्यांबरोबर बटणंही निघायची.
बटणं जमेच्या बाजूला लिहिलेली आहेत.

तिथे आता टॉवर आहे.
बिल्डरचे पैसे नव्या स्टेडियमचं छत घालेपर्यंत पुरले,
पुढचं कर्ज. अडतीस कोटी.
हप्ता सात तारखेला, सामना असो नसो.
वडाळ्याला, मिठागरांच्या कडेला,
चौदा हजार निळ्या खुर्च्या,
आणि खारा वारा, जो लोखंड खातो
आणि रंगाच्या कंत्राटदाराला पोसतो.
रेघा इथे गवतातच विणून येतात.
आता चुना लागत नाही,
असं मी वार्षिक सभेत म्हणालो
तेव्हा मागे कुणीतरी हसलं.

नाव विकलं. आधी स्टेडियमचं, मग उत्तर गॅलरीचं,
मग पाणी प्यायच्या विश्रांतीचंही.
मे महिन्यात पोरांचा जीव जातो
तो आता एका सिमेंट कंपनीच्या सौजन्याने जातो.
पार्किंग लग्नांना देतो.
मागच्या महिन्यात तीन लग्नांतून गोलकीपरचा पगार निघाला.
अंथरूण पाहून पाय पसरावेत, खरं आहे,
पण आमचा धंदाच पायांचा.

आणि घसारा.
हा शब्द सिप्रियनच्या वहीत कुठेच नाही.
बसून बसून खुर्ची झिजते, हे कुणालाही कळेल.
पण जिच्यावर अजून कुणी टेकलंही नाही,
जिचा प्लॅस्टिकचा कागदसुद्धा निघालेला नाही,
तीही दरसाल दहा टक्के झिजते.
नियम आहे तसा.
दर मार्चअखेर मी ती झीज लिहितो
आणि मला भिंतीवरची माणसं आठवतात.
त्यांच्या बुडाखाली गुळगुळीत झालेला दगड
कुठल्या खात्यात धरला होता, देव जाणे.

काल चषकाचा सामना होता.
अकराशे चौदा माणसं, त्यांतली दोनशे पासवाली.
माझगावहून दोन बस बदलून कोण येणार?
दिवे मिनिटाला अठराशे रुपये खातात
म्हणून मी सामना बघत नाही, घड्याळ बघतो.
एक शून्यने हरत होतो.
हरलो असतो तर साडेनऊला दिवे बंद.
अंदाजपत्रकात बसणारी हार.

एकोणनव्वदाव्या मिनिटाला
इरफान मुकादमने, ज्याचे तीन पगार माझ्याकडून येणे आहेत,
कॉर्नरवर उडी घेतली.

जादा वेळ. तीस मिनिटं. चोपन्न हजार.

मी आधी ओरडलो, मग गुणाकार केला.
क्रम नोंदवून ठेवतो, ऑडिटर विचारतील.
मग जिना चढून उत्तर गॅलरीत गेलो,
जिथे चिटपाखरू नव्हतं,
एका खुर्चीचा कागद टरकावला
आणि उरलेला सामना
तिला झिजवत बसलो.

पेनल्टींवर हरलो.

रात्री साडेबाराला लॅपटॉप उघडून
चोपन्न हजारांपुढे लिहिलं, किरकोळ.
तो घेईना.
तपशील भरा, म्हणाला.

भरला:
मुकादम, कॉर्नरवरून,
डोक्याने.