काळजीवाहू

मंगळवारी, दोन मतांनी, सरकार पडलं.
पडताना आवाज झाला नाही.
बाहेर तालिनमध्ये बर्फ पडत होता,
त्याचाही होत नाही.

हेल्दुर सार्नित आता ज्या खुर्चीत बसतात
ती त्यांची नाही,
आणि उठावं, तर बसायला दुसरं कोणी आलेलं नाही.
आमच्या भाषेत अशा माणसाला
काळजीवाहू म्हणतात.
शब्द कोणी घडवला ठाऊक नाही,
पण तो कधीतरी रात्रभर जागला असणार.

नेमणुका करायच्या नाहीत. नवे करार नाहीत.
जमीन घ्यायची नाही, द्यायची नाही.
सही चालते, पण लंगडत.
भिंतीवर आधीच्यांच्या तसबिरी,
सगळे कसे सुटल्यासारखे हसतायत.

शुक्रवारी रात्री अडीचला फोन.
हिउमा बेटाकडे निघालेली फेरी
गोठत आलेल्या समुद्रात अडकली आहे,
घट्ट पिठात बोट रुतावं तशी.
त्रेचाळीस माणसं. त्यात एक बाई, दिवस भरत आलेली.
बर्फ फोडणारं जहाज आहे, पण शेजारच्या देशाचं, भाड्याचं;
भाडं नव्या तरतुदीतून द्यावं लागेल,
आणि नवी तरतूद तुम्हाला, साहेब...

कायदा सल्लागार लेम्बे कलम शोधत होती,
चष्म्यावर पडद्याचा निळा उजेड.
कलम सापडलं. त्याला एक पोटकलम होतं.
पोटकलमाला एक तळटीप.

"किती वेळ लागेल?"
"कलमाला?"
"जहाजाला."
"तीन तास. आत्ता निघालं तर."
मग हळू आवाजात,
घरात निजलेलं कोणी उठू नये तसं:
"पाठवा. कलम सकाळी बघू.
नाहीच सापडलं, तर माझ्या नावावर मांडा."

पंतप्रधान काय करतो, असं शाळेत विचारतात.
मुलं लिहितात, देश चालवतो.
त्या रात्री एक जहाज चालत होतं,
आणि एक माणूस स्वयंपाकघरात, पायमोज्यांवर,
किटलीखालचा विस्तव लावायचा विसरून
पाणी उकळायची वाट बघत उभा होता.

सकाळी सातला सगळे उतरले.
सालमे नावाची म्हातारी,
कोंबड्यांची पेटी छातीशी धरून,
वार्ताहराला म्हणाली, सूप गार होतं.
आणि सरकारबद्दल काय म्हणाल?
"कुठलं सरकार?
ते मंगळवारीच पडलं ना,"
असं म्हणून ती पेटीत वाकली
आणि कोंबड्या मोजायला लागली.