उसनवारी

त्या आठवड्यात गाडी आलीच नाही.
"वरून नाही आलं," फार्मसिस्ट म्हणाला
आणि बोट वर केलं.
वर पंखा होता, बंद.

तिसऱ्या मजल्यावर खोली नंबर सतरा.
पाटीवर आजाराचं नाव नाही.
"सतरात जायचंय" म्हटलं की लिफ्टमन
बटण दाबतो, तोंडाकडे बघत नाही.
ही त्याची सभ्यता.

तीस गोळ्यांच्या जागी सहा मिळाल्या,
उशिरा आलेल्यांना पाच,
कागदाच्या पुडीत, शेंगदाण्यांसारख्या.

माझं काम फोन करण्याचं.
कुणाच्या घरी मी विम्याची बाई,
कुणाकडे शिवणक्लासची,
टेंगळ्यांकडे गॅस एजन्सीची:
"तुमचा नंबर लागलाय, न्यायला या."
त्यांच्या सुनेनं एकदा विचारलं,
"अहो, दुसरा सिलिंडर कधी?"
मी म्हटलं, पुढच्या महिन्यात.
खोटंही नव्हतं ते.

त्या आठवड्यात मात्र उलटंच विचारत सुटले:
घरात किती आहेत?
शेजारणीला साखर विचारावी तसं.

झैबुन मुकादम, बैंगनवाडी: बावीस.
दोन महिन्यांचं एकदम मिळालं होतं तिला.
पावडरच्या डब्यात ठेवते, खाली-वर कापूस,
हलवला तरी वाजत नाही.
मोजून नऊ काढल्या ओढणीवर.
"बाई आहे की बाप्या?"
म्हटलं, नाव सांगता येत नाही.
"नाव कशाला? वेळ सांग. रात्री नवाची का?"
नवाची.
"मग झालं. माझीपण नवाचीच."

त्या नऊ मी पोचवल्या काळाचौकीला,
कांदळगावकरांच्या हातात, जिन्याखाली,
कारण वर साखरपुड्याची बोलणी चालली होती
आणि घरात माणसं होती मोजकी पंधरा.
त्यांनी पुडी खिशात टाकली
आणि मोठ्यांदा म्हणाले, "पावती नंतर पाठवा हं."

वही केली. कुणाकडून किती, कुणाला किती.
डॉक्टरांच्या हाती लागली.
"औषध आहे हे, हळदीकुंकवाचं वाण नाही!
मोजदाद कशी जुळवू मी?"
खूप बोलल्या. मग चष्मा लावला.
"सगळे एकाच गोळीवरचे आहेत ना?"
हो, कार्ड बघूनच दिल्या.
"मूत्रपिंडाचा त्रास कुणाला?"
नाही.
त्यांनी वही पुढं ओढली
आणि माझी एक बेरीज चुकली होती, ती सुधारली.
बाराच्या जागी तेरा.

एक नोंद वहीत नव्हतीच.
अकरातल्या पाच गेल्या होत्या
माझ्या स्वतःच्या डब्यातून,
गुलाब तायडेला, चिता कॅम्प,
कारण तिच्या पोरीनं दार उघडलं
आणि म्हणाली, "आई औषध संपलं म्हणून
लवकर झोपते."

गुरुवारी गाडी आली.
खोके लिफ्टमननंच वर आणले, न सांगता.
मग परतफेड सुरू झाली,
जिन्यात, बाकावर, बसस्टॉपवर.
कांदळगावकरांनी दहा दिल्या.
नऊ होत्या ना, मी म्हटलं.
"वाटी रिकामी परत करू नये, आई म्हणायची."
झैबुनला दहावी दाखवली तर हसली,
"ठेव तुझ्याकडे. कुणाला तरी लागेल."

गुलाबची खोली बंद आहे.
मालक म्हणतो, सोडून गेली, डिपॉझिटही मागितलं नाही.
चार सेंटरांना कळवलंय,
तिच्या माहेरच्या तालुक्यालाही.
रोज नऊला, माझी गोळी घेऊन झाली की,
तिचा नंबर लावते.
विम्याची बाई, शिवणक्लासची, गॅसची,
जी कुणी हवी असेल ती व्हायची तयारी आहे.
फोन बंद.

शेवटी तीही नोंद वहीत घेतली,
डॉक्टर रागावल्या तर रागावल्या.
गुलाब तायडे, पाच.
पुढच्या रकान्यात, सगळ्यांच्या लिहितात तसंच:
येणं बाकी.