काचेचा ग्लास

सातपूरच्या दवाखान्यात शेवटचा नंबर.
खैरनारबाई कंपनीच्या गणवेशातच आलेली,
कडेवर ओजस, अंगभर लाल ठिपके.
"गोवरच आहे ना सिस्टर? सासूबाई म्हणाल्या."
आमच्याकडे लाल दिसलं की गोवर,
मग दाराला कडुलिंब, आणि आंघोळ बंद.

डॉक्टर यायचेत. तोवर मी बघते.
सव्वीस वर्षं हेच वाचतेय.

गंगेचा पूर दुतोंड्या मारुतीच्या पायांपासून वर चढतो.
गोवर उलटा:
आधी ताप, खोकला, चिकट लाल डोळे,
मग कानामागून निघतो,
चेहरा, छाती, पोट,
पायाशी पोचेपर्यंत तिसरा दिवस.

कांजिण्या म्हणजे एकाच घडात
कच्चं, पाण्याने टपोरलेलं आणि मनुका झालेलं.
तळहात उघडायला लावायचा, तळपाय बघायचे.
तिथे फोड असतील आणि पोर
आवडता वरणभातही ढकलत असेल
तर तोंडात बघ, दुर्वा. टॉर्च दे.

एकदा एका मुलीच्या दोन्ही गालांवर
चापट मारल्यासारखी लाली होती.
मी बापाकडे बघितलं, बराच वेळ.
चार दिवसांनी दंडांवर जाळी उमटली,
साधा विषाणू निघाला.
तो माणूस अजून मला नमस्कार करतो.
मला मान वर करता येत नाही.

"ओजसला ताप कधीपासून?"
"तीन दिवस होता. एकशे तीन.
आज सकाळी गेला, आणि हे उठलं."
ओजस माझ्या खिशातलं पेन ओढतोय.
हसतोयसुद्धा.
ताप जाताना काही पोरांच्या अंगावर
अशी सही करून जातो.
आई घाबरते ती नेमकी तेव्हा.

तरी कपाटातून ग्लास काढला.
काचेचा, साधा, कडेला टवका गेलेला.
पोटावर दाबला.
काचेखाली लाली फिकी झाली,
उचलला, परत आली.
खैरनारबाई माझ्या चेहऱ्याकडे बघत होती,
ग्लासाकडे नाही.

एका डिसेंबरात काचेखाली
जांभळे ठिपके तसेच राहिले होते.
रिक्षा, त्र्यंबक नाका, सिव्हिल,
मांडीवरचं पोर फार शांत.
पुढचं मी दुर्वाला अजून सांगितलेलं नाही.

"ताई, ह्यातच पाणी देऊ त्याला?"
दुर्वाने विचारलं.
नको. स्टीलच्यात दे.
ह्या ग्लासातून कुणी पाणी पीत नाही.