रेकॉर्डिंग एकदाच वाजेल

कूलर बंद करावा लागतो,
नाहीतर इंग्रजी बाई खसाच्या पाण्यात बुडते.
मे महिना, नारा रोड, दुपारचे तीन.
मोबाइल स्टीलच्या डब्यात उभा केला
की आवाज जरा मोठा होतो, आणि प्रत्येक पेशंट
विहिरीतून बोलल्यासारखा वाटतो.

रेकॉर्डिंग एकदाच वाजेल, असं ती आधीच बजावते.

एक माणूस, एक नर्स, पंचेचाळीस सेकंद.
ती विचारते कधीपासून, तो अर्धं वाक्य गिळतो,
आणि मी तिथंच अडकते:
नाही म्हणाला, की फारसं नाही?
तोवर पुढचा माणूस काउंटरवर उभा,
पार्किंग मिळालं नाही म्हणून उशीर झाला, सॉरी, म्हणतो.
मेडिकलच्या तेवीस नंबरात अकरा वर्षं झाली मला,
सॉरी म्हणून आत आलेला पेशंट
अजून पाहिला नाही.

वहीत दुखण्याचे शब्द मांडलेत समोरासमोर.
थ्रॉबिंग म्हणजे ठणका.
शूटिंग म्हणजे चमक.
डल पेनपुढे आधी बारीक कळ लिहिलं, मग खोडलं.
भंडाऱ्याकडच्या म्हाताऱ्या म्हणतात
'कसंचंच वाटते वं सिस्टर',
त्याच्यापुढची जागा मोकळीच आहे.

बाबा खाटेवरून म्हणाले,
'आन तो कागद. मी होतो तुया पेशंट.'
कोराडीला एकतीस वर्षं लॉगबुक लिहिलं त्यांनी.
त्यांचं इंग्रजी तिथलं, क्रियापदाशिवायचं:
टाइम, लोड, प्रेशर, रिमार्क निल.
चष्मा पुसला, घामानं भिजलेली बंडी खाली ओढली
आणि मिस्टर हॅरिस होऊन ताठ बसले.

व्हेअर इज द पेन, मिस्टर हॅरिस?
'लेफ्ट साइड,' ते म्हणाले.
सिन्स व्हेन?
'फोर डेज. स्टेअर्स टाइम. टू मिनिट्स. देन स्टॉप.'
उच्चार कोराडीचा, पण महिनाभरात पहिल्यांदाच
एकही शब्द माझ्या हातून निसटला नाही.
पेन्सिलीनं चार खुणा केल्या, खूश होऊन.

मग कागद पाहिला.
मिस्टर हॅरिसचा गुडघा दुखतो.

'बाबा?'
'काही नाही वं. गॅस असन. वाच पुढचं.'

मराठीत विचारलं तर एवढंच मिळणार.
कन्व्हेयरमध्ये करंगळी गेली
त्या रात्रीही रुमाल गुंडाळून जेवायला बसले होते,
काही नाही वं.
म्हणून मी इंग्रजीतच राहिले.
त्यांचं मनगट हातात घेतलं, जसं कागदावर नव्हतं,
नजर भिंतीवरच्या काट्यावर,
डझ इट गो टु युवर आर्म, मिस्टर हॅरिस?

बराच वेळ नुसता बंद कूलर टपटपत होता.
'येस,' बाबा म्हणाले. 'लिटल.'
आणि मग आतल्या दाराकडे बघत, अगदी हळू:
'डोन्ट टेल मिसेस हॅरिस.'

रिपीट प्लीज, मी म्हणाले.
त्यांनी पुन्हा म्हटलं नाही.

स्वयंपाकघरातलं सूप मघाच थांबलं होतं,
ते मला आत्ता ऐकू आलं.
आई चौथीपर्यंत शिकलेली,
इंग्रजी म्हणजे तिला दुकानाच्या पाट्यांवरची नक्षी.
ती दारात आली तेव्हा पायात चपला होत्या
आणि हातात बाबांचा बाहेरचा शर्ट.
'गुणवंताचा ऑटो थांबवून ठेवला म्या,' म्हणाली.
'चाला.'